उपऱ्याचं मत

पेणच्या वाचनालयाच्या हॉलात दिनानाथ तासभर बोलला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला कुणाचं काय जातंय? माणूस हॉलंडहून आलेला, मराठी अजून रोह्याच्या वळणाची, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपणही फार मोठ्या मनाचे आहोत असं वाटावं. भाषणाचं नाव 'मी जगाचा माणूस'. नाव त्यानंच दिलेलं.

मूळचा तो उंबरटेकचा. निडी स्टेशनावर उतरून डोंगराच्या अंगाला चालत गेलं की उंबरटेक लागतं. रोह्याच्या कॉलेजात शिकला, धाटावला एका केमिकल कंपनीत शिफ्टा केल्या, तिथून आखातात गेला, आखातातून रॉटरडॅमला. तिथंच बायको नेली, मुलगी तिथंच झाली. वीसएक वर्षं सहज झाली असतील.

भाषणात त्यानं एक गोष्ट सांगितली. ती तो दर वेळी याच शब्दांत सांगायचा.

"तेव्हा मी तिथला नागरिक नव्हतो. पासपोर्ट आपलाच. पण तिथं कायद्यानं पाच वर्षं राहिलं की परक्या माणसालाही नगरपालिकेत मत देता येतं. रांगेत माझ्यापुढं एक तुर्की न्हावी, मागं सुरीनामची एक म्हातारी. टेबलामागच्या बाईनं मला कागद दिला आणि हसली. मत टाकलं, बाहेर आलो आणि रस्त्यात उभा राहून रडलो. माणूस जिथं राबतो, जिथलं पाणी पितो, तिथं त्याला बोलायचा हक्क आहे. मग तो कुठला का असेना."

पहिल्या रांगेत त्याचा थोरला भाऊ हैबतराव बसला होता. पांढरे कपडे, कपाळाला गंध. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या त्यानं वाजवल्या.

कार्यक्रम ठेवला होता कमळाकर वकिलानं. कॉलेजातला मित्र. चहा पिताना त्यानं दिनानाथला बाजूला घेऊन विचारलं, "आता पासपोर्ट कुठला रे तुझा?"

"तिकडचाच. झाली की सात वर्षं."

"ते नाही बोललास भाषणात."

"कुणी विचारलं नाही," दिनानाथ म्हणाला आणि हसला. कमळाकर हसला नाही.

परतताना गाडी गडब सोडून नागोठण्याकडं निघाली तसा हैबतराव बोलू लागला.

"आयत्या वेळी आलास. रविवारी ग्रामपंचायतीचं मतदान हाय."

"आपल्याकडून कोण उभं आहे?"

"सोनी."

"कोण सोनी?"

"आपली सोनी रे. गोठ्यातली."

सरपंचपद यंदा आदिवासी बाईसाठी राखीव झालं होतं. हैबतराव पंधरा वर्षं पंचायतीत मुरलेला. त्यानं काय केलं, आपल्या घरचं शेण काढणारी, कलमांच्या बागेतल्या खोलीत राहणारी सोनी कातकरीण उभी केली. सही शिकवली. निशाणी मिळाली छत्री. सोनीला विचारलं असतं तर तिनं छत्री उलटी की सुलटी एवढंच विचारलं असतं. सरपंच ती, कारभार हैबतरावाचा, असा सगळा सरळ हिशोब.

त्या हिशोबात एक खडा आला होता. वाडीवरची पारी.

वाडी म्हणजे गावच्या वरच्या अंगाला कातकऱ्यांची घरं. गावात नळ आला, टाकी आली, वाडीवर काही आलं नाही. पाइप न्यायचा तर हैबतरावाच्या बागेच्या कडेनं न्यावा लागतो आणि हैबतराव म्हणायचा, मुळं तुटतील. आंब्याची मुळं तुटू नयेत म्हणून माणसं ओहोळात खड्डा खणून त्यात झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं भरत होती. पारी उभी राहिली ती या एका पाइपासाठी. दुसरं तिचं काही मागणं नव्हतं. निशाणी कपबशी.

दुसऱ्याच दिवशी पारी प्रचाराला दारात आली. बरोबर तिचा नवरा भिकू, मागं चार-पाच बाया. हैबतराव बाहेर गेलेला. दिनानाथ ओटीवर बसला होता. पारी पायरीच्या खालीच उभी राहिली. वर ये म्हणायचं त्याच्या तोंडाशी आलं, पण आत वहिनी होत्या, म्हणून त्यानं तोंड मिटलं आणि स्वतःच दोन पायऱ्या खाली उतरला. त्याला वाटलं, केवढं केलं आपण.

"वळखलंत का दिनादादा?"

"पारी ना तू? शाळेत पाढे म्हणताना ओरडायचीस."

"अजून वरडते. म्हणून तर उभी केली मला." बाया हसल्या. "मत द्या आमाला. नाव हाय तुमचं यादीत. मी वाचलंय."

"माझं कुठलं आता इथं..." तो म्हणू लागला आणि थांबला. पुढचं बोलला असता तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण समोर बाया उभ्या, त्याच्याकडं बघत. चांगलं दिसायची हौस माणसाला फार. तो म्हणाला, "पारी, तू निवडून आली पाहिजेस. मनापासून सांगतो."

"आयकलंत गो?" पारी मागं वळून म्हणाली. "मोठ्या घरातलं एक मत आपलं झालं."

आणि खोटं कशाला सांगा, त्या घडीला त्याच्या मनात तेच होतं.

रविवारी सकाळी हैबतरावानं लोखंडी कपाट उघडलं आणि दिनानाथचं जुनं मतदार कार्ड टेबलावर ठेवलं. कार्डावर मिशा असलेला तरुण दिनानाथ.

"हे अजून आहे?"

"असणारच. दर वेळी यादी आली की मी बघतो. मागं एक तलाठी तुझं नाव काढायला निघाला होता. म्हटलं, भाऊ माझा कामाला गेलाय, मेला नाय."

दिनानाथला भरून आलं. परदेशात माणूस हेच तर शोधत असतो, की कुठंतरी आपलं नाव कुणीतरी पुसू दिलं नाही.

तरी तो म्हणाला, "दादा, मला मत देता येत नाही. मी आता इथला नागरिक नाही. गुन्हा आहे तो."

"हळू बोल." हैबतरावानं दाराकडं पाहिलं. "पेणला काय बोललास? तिकडं तुर्क्याला मत, न्हाव्याला मत. आणि तुला तुझ्या जन्मगावात नाय?"

"तिकडं कायदा आहे तसा."

"इथं मी हाय."

विमलवहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी कप ठेवला आणि उभ्याच राहिल्या. "भावजी, यंदा चुरस हाय. ती वाडीवरची निवडून आली की घराचा कारभार गेला बघा."

मग हैबतरावानं जे काढलं ते त्यानं वीस वर्षांत कधी काढलं नव्हतं.

"आबा गेले तेव्हा तू नव्हतास. मी बोललो नाय. आई अंथरुणात होती, तेव्हा नव्हतास. तिचं सगळं हिनं काढलं. बोललो नाय. तुला फोनवर सांगायचो, सगळं बरं हाय, तू तुझं बघ. बापाला खांदा द्यायला नव्हतास दिना. आज एक बोट मागतोय."

दिनानाथनं कार्ड उचललं.

शाळेत मतदान होतं, तोच वर्ग जिथं तो आणि पारी पाढे म्हणायचे. फक्त पारीची माणसं तेव्हा दाराशी बसायची. आत बाकावर दोन्हीकडचे प्रतिनिधी. पारीकडून भिकू. यादीतलं नाव वाचलं गेलं तशी बाहेरून कुणीतरी हाक दिली, "अरे भिकू, हा तर परदेशातला! हरकत घे की!"

टेबलामागच्या साहेबानं मान वर केली. "आहे का हरकत?"

भिकूनं दिनानाथकडं पाहिलं आणि दात काढून हसला. "नाय साहेब. आपली माणसं हायत ती."

पारीनंच त्याला सांगून ठेवलं होतं, दिनादादांना अडवू नको.

बोटाला शाई लागली. पुठ्ठ्याच्या आडोशामागं दिनानाथ उभा राहिला. समोर कपबशी, छत्री आणि शेवटी 'वरीलपैकी एकही नाही'. ते शेवटचं बटण दाबता आलं असतं. भावाला काय कळणार होतं? पण अशा वेळी माणूस डोक्यानं विचार करत नाही. कपबशीकडं बघताना त्याला पारी दिसली नाही, आबांची तिरडी दिसली, जी त्यानं कधी बघितलीच नव्हती. त्यानं छत्री दाबली. मशीन लांबलचक वाजलं.

आणि लाजेची गोष्ट ही की त्याला बरं वाटलं. बाहेर हैबतरावानं नुसता खांद्यावर हात ठेवला. परदेशातल्या सगळ्या वर्षांत कुणी त्याच्या खांद्यावर असा हात ठेवला नव्हता. त्या घटकेला तो जगाचा वगैरे कुणी नव्हता. हैबतरावाचा धाकटा होता.

मोजणी रोह्याला झाली. सोनी एका मतानं निवडून आली.

गुलाल उडाला, ताशे वाजले, सोनीला ट्रॅक्टरवर उभं केलं. ती घाबरून एका हातानं ट्रॅक्टरचा दांडा आणि दुसऱ्या हातानं पदर धरून होती. मिरवणूक हैबतरावाच्या अंगणात आली. पेढे वाटून झाले, माणसं पांगली, तेव्हा सरपंचबाईंनी गळ्यातला हार काढून खुंटीला लावला आणि चहाचे कप विसळायला घेतले. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. वहिनी आतून म्हणाल्या, "सोने, बश्या नीट घास गो, गुलाल लागलाय."

दिनानाथ ओटीवर बसून सगळं बघत होता. एका मतानं. हातातला पेढा त्यानं तसाच पायरीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी पारी आली. मागच्या दारानं आली. डोळे सुजलेले, पण बोलणं तसंच.

"दिनादादा, तुमचे उपकार सांगायला आले. गावातलं एक मत फुटलं तर ते तुमचं, हे सगळ्या वाडीला म्हाईत हाय. बाया म्हणतात, शिकलेला माणूस शब्दाला जागला."

दिनानाथनं मान खाली घातली.

"असं काय करताय? पडले मी, तुमी का तोंड पाडताय?" ती म्हणाली. "एक काम होतं. फेरमोजणीचा अर्ज करायचाय. तुमी लिवा. तुमचं अक्षर चांगलं."

आणि त्यानं लिहिला. परसात, चुलीसाठी रचलेल्या लाकडांवर कागद ठेवून, तिच्यासमोर बसून त्यानं लिहिलं की मतांच्या मोजणीत चूक झाली असण्याचा संभव आहे. चूक कुठं झाली हे जगात फक्त त्याला ठाऊक होतं. अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं. याचाच त्याला पुढं सगळ्यांत जास्त राग आला.

अर्जावर काही झालं नाही. होणारही नव्हतं. मशीननं मोजलेलं मशीननं पुन्हा तेवढंच मोजलं असतं.

चार दिवस तो जेवला नाही म्हटलं तरी चालेल. वहिनी म्हणाल्या, तिकडच्या खाण्याची सवय. रॉटरडॅमहून बायकोचा, शांतीचा फोन आला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तू मत दिलंस? दिना, आपण इथं त्या सिरियन निर्वासितांसाठी सह्या गोळा करत फिरलो. पावसात. आणि तू तिथं जाऊन..."

"दादा म्हणाला."

"तुझं वय काय रे?" तिनं विचारलं आणि फोन ठेवला.

शेवटी तो पेणला कमळाकरकडं गेला. कमळाकरनं दार लोटून घेतलं.

"तुला शिव्या द्यायच्या का कायदा सांगायचा?"

"कायदा सांग."

"पारीला रोह्याच्या कोर्टात निवडणूक अर्ज करता येईल. मुदत आहे अजून, थोडीच. तू प्रतिज्ञापत्र द्यायचं, मी परदेशी नागरिक आहे, मत दिलं. ते मत बाद. पण नुसतं एवढं सांगून भागायचं नाही. गाव समजतंय तू पारीला दिलंस. मग बाद मत पारीचं धरतील, ती दोन मतांनी पडेल. तुला सांगावं लागेल कुणाला दिलं ते. उघड."

"छत्रीला दिलं ते?"

"तेच. मग समसमान. चिठ्ठी टाकतील. ती पारीची निघेलच असं नाही."

"आणि माझं?"

"तुझ्यावर गुन्हा. ते परदेशी भारतीयाचं कार्ड आहे ना तुझं, ते बहुतेक जाईल. मग व्हिसा कोण देणार? उंबरटेक विसर. आणि भाऊ तर आजच विसर."

"नाही सांगितलं तर?"

"तर काय? शनिवारी विमान आहे तुझं. बस आणि जा. पुढल्या वर्षी ये, परत भाषण ठेवतो."

दिनानाथला ते लागलं. लागावं म्हणूनच तो बोलला होता.

संध्याकाळ व्हायच्या आत तो वाडीच्या वाटेला लागला. ओहोळाशी बाया पाणी भरत होत्या. खड्ड्याच्या कडेला पारी वाकून वाटीनं हंडा भरत होती. तो आला तशी एक म्हातारी म्हणाली, "पाणी प्यायचंय का दादा? गढूळ हाय, पण थंड हाय."

"पारी, मी तुला मत दिलं नाही," तो म्हणाला. मध्ये काही न घालता बोलला, कारण मध्ये काही घातलं असतं तर त्याला ते सांगता आलं नसतं. "सोनीला दिलं. आणि मला मत द्यायचा हक्कच नव्हता. मी आता या देशाचा नाही."

वाटी हंड्यावर तशीच राहिली.

"परत बोला," पारी म्हणाली.

तो परत बोलला. कमळाकरनं सांगितलेलं सगळं सांगितलं. कोर्ट, प्रतिज्ञापत्र, चिठ्ठी. मघाची म्हातारी जमिनीवर थुंकली.

"म्हंजे तुमी हितले नाय."

"नाही."

"मग हितल्या कामात बोट का घातलंत?"

"दादानं आबांची शपथ... म्हणजे आबांचं काढलं त्यानं. मी नव्हतो त्या वेळी."

"तुमचे आबा मेले तवा भिकूनं लाकडं फोडली. मी शेणी वाहिल्या. आमाला कुणी म्हटलं नाय, एक मत घ्या त्याच्या बदल्यात." तिचा आवाज चढला. "आणि अर्ज लिवलात माझा! समोर बसून लिवलात! माझा अंगठा नाय, मी सही केली त्याच्यावर. तवा जीभ कुठं ठेवली हुती?"

"चुकलं माझं."

"त्याचं काय करू मी? हंड्यात भरू?"

कुणी हसलं नाही. पारी उभी राहिली, हात पदराला पुसले.

"उद्या कोर्टात चला."

"उद्या विमान आहे माझं."

"मग?"

"सांगितलं तर मला पुन्हा इथं येता येणार नाही, पारी."

"नाय येऊ," ती म्हणाली. "आमी कुठं जातोय? आमी तर हितंच हाय. मार्चला हा खड्डा आटतो, तरी हितंच. तुमी या उद्या. अकराला. नाय आलात तर मी बोंब मारणार नाय. मला फक्त कळंल."

तो हो म्हणाला. कमळाकरला फोन केला, तोही रोह्याला यायला तयार झाला.

पण वाडीवरची बातमी गावात यायला रात्रही लागत नाही. सकाळी दिनानाथ उठला तर दारात शिवा ड्रायव्हर गाडी घेऊन उभा, बॅग भरलेली. वहिनींनी डब्यात वालाच्या शेंगांची भाजी आणि भाकऱ्या बांधलेल्या. हैबतराव रागावलेला दिसला नाही. उलट डोळे ओले.

"विमान रात्रीचं आहे ना?" दिनानाथ म्हणाला.

"हायवेचं काम चालू हाय, कुठं अडकशील. लवकर निघालेलं बरं. शिवा, नीट ने रे."

कोर्टाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. दिनानाथही बोलला नाही. भावाच्या पाया पडला आणि गाडीत बसला.

निडीच्या फाट्याला रस्ता फुटतो. एकीकडं रोहा, दुसरीकडं नागोठणं आणि मग मुंबई. शिवानं गाडी जरा हळू केली. आरशातून मागं पाहिलं. दिनानाथनं खिडकीबाहेर पाहिलं. तोंड उघडलं असतं तर पुरे होतं. त्यानं उघडलं नाही, आणि शिवानं मालकानं सांगितलं होतं तिकडं गाडी वळवली.

हे त्यानं केलं. आदल्या संध्याकाळी हो म्हणून केलं. नागोठण्यापर्यंत तो स्वतःला सांगत होता, रॉटरडॅमहून कागद पाठवू, तिकडच्या वकिलाला विचारू, नीट करू. मग त्यानं हिशोब केला की तिथं पोहोचल्यावर आपण शांतीला काय सांगणार, आणि त्याच्या लक्षात आलं की ती विचारणारच नाही.

पेणला गाडी ट्रॅफिकमध्ये थांबली. भावाचा फोन आला.

"पोचलास का पेणला?"

"हो."

"बरं झालं. दिना, माझा जीव भांड्यात पडला बघ. मला वाटलं तू काय वेडेपणा करतोस का काय. तू आपला हायस रे. ऐक, तुझं नाव मी यादीत कायम ठेवतो. कुणाला हात लावू देत नाय. पुढल्या निवडणुकीला तिकीट काढून ये. शांतीला पण आण, तिचंपण नाव हाय अजून."

तो मायेनं बोलत होता. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तेच दिनानाथला सहन झालं नाही. घर घर म्हणून जे तो वीस वर्षं उराशी धरून होता ते हे होतं. भावाच्या मुठीतलं एक मत. आणि तो ते दाबून, खूश होऊन, खांद्यावरचा हात घेऊन आला होता.

"शिवा, गाडी मागं घे. रोह्याला."

"साहेब, दादांनी एअरपोर्ट सांगितलाय."

"मी सांगतोय ना."

"तुमी जाल साहेब. मला तिथंच ऱ्हायचंय."

ते खरं होतं. दिनानाथनं बॅग उतरवली, डबाही घेतला, आणि चालत पेणच्या एसटी स्टँडवर गेला. रोह्याची गाडी अर्ध्या तासानं लागली. उभ्यानं गेला. बॅगेमुळं कंडक्टरनं दोनदा शिव्या घातल्या.

रोह्याच्या कोर्टाच्या आवारात दुपार झाली होती. पारी झाडाखाली बसली होती, धुवट हिरवं लुगडं, बरोबर भिकू आणि ओहोळावरच्या बाया. तिनं त्याला येताना पाहिलं. उठली नाही.

"उशीर केलात."

"गाडी पेणपर्यंत गेली होती."

"गेली हुती का नेलीत?"

"नेली," दिनानाथ म्हणाला.

तिनं मान हलवली. "वकील आत हाय. तिकडं टायपिंगवाल्याला सांगा म्हणाला, तो लिवून घेतो."

टायपिंगवाला म्हातारा निळ्या ताडपत्रीखाली बसलेला. एका कानानं कमी ऐकू येणारा. भोवती दाखले, जातीचे कागद, सातबारे घेऊन लोक उभे. त्यात उंबरटेकचे दोघं-तिघं होते. त्यांतला एक लगेच फोन लावत बाजूला गेला.

"बोला," टायपिंगवाला म्हणाला. "मोठ्यानं बोला."

दिनानाथनं नाव सांगितलं. वय सांगितलं.

"राष्ट्रीयत्व भारतीय लिहू?"

"नाही. डच."

"काय?"

"हॉलंडचा! हॉलंडचा नागरिक आहे मी!"

रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. टायपिंगवाल्यानं चष्मा वर केला, त्याला नीट बघितलं आणि टाइप केलं.

"पुढं? मत कुणाला दिलंत म्हणता?"

दिनानाथनं सांगितलं.

"ऐकू आलं नाही."

"छत्रीला," दिनानाथ ओरडला. "सोनीला. भावानं सांगितलं म्हणून. पारीला शब्द दिला होता आणि तिला दिलं नाही."

"शब्दाचं लिहायचं का?"

मागून पारीचा आवाज आला, "लिवा."

कागद झाला, सह्या झाल्या, कमळाकरनं पारीचा अर्ज आत दाखल केला. मुदत संपायच्या आत झाला एवढंच. पुढं तारीख, मग तारीख, मग कधीतरी चिठ्ठी. तोवर सोनी सही करत राहणार आणि हैबतराव तिच्या हाताखाली कागद सरकवत राहणार. कमळाकरनं हे सगळं पारीला स्पष्ट सांगितलं. ती ऐकत होती.

"बरं," ती म्हणाली. "दाखल झाला ना? मग बरं."

बायांनी पिशव्या उचलल्या. फाटकाबाहेर विक्रम रिक्षा उभी होती, त्यात सगळ्या दाटीनं बसल्या. भिकू ड्रायव्हरशेजारी लटकला. दिनानाथ फाटकापर्यंत त्यांच्या मागं गेला. या असंही कुणी म्हटलं नाही, जा असंही नाही. पारीनं पदर डोक्यावरून ओढला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चल रे, पाणी भरायचंय अजून."

रिक्षा गेली. तो बॅग घेऊन फाटकात उभा राहिला. फोन वाजू लागला. हैबतराव. एकदा वाजून थांबला, पुन्हा वाजला.

दिनानाथनं फोन उचलला. शिव्या सुरू झाल्या. आबांच्या नावानं, आईच्या नावानं, त्याच्या जन्माच्या नावानं. मागं वहिनी रडत असल्याचं ऐकू येत होतं. येणारे-जाणारे त्याच्या बॅगेला वळसा घालून आत जात होते. त्यानं फोन कानापासून काढला नाही.